सगळ्यांना माहीत असलेली बातमी

अंबाजोगाई,
दसऱ्यानंतरचा रविवार

चि. भाचीबाईस,

तुझं पत्र म्हणजे मोबाइलवरची सव्वातीन मिनिटांची व्हॉइस नोट. मामाने ती दोनदा ऐकली, दुसऱ्यांदा मामीलाही ऐकवली. बीडच्या दैनिकात लागून तुला दोन महिने झाले, धारूर-वडवणीच्या वाड्या-तांड्यांवर हिंडतेस, एका दवाखान्याबद्दल जो तो तेच सांगतो आणि तरी बातमी काही उभी राहत नाही, ही तुझी तक्रार. तिच्यातलं एक वाक्य मामाच्या डोक्यात अडकून बसलं: "हे सगळ्यांना माहीत आहे मामा, फक्त कुणी छापत नाही."

उत्तर लांबणार, म्हणून लिहूनच पाठवतोय तुझा मामा. उभा जन्म दुसऱ्यांच्या बातम्या दुरुस्त करण्यात गेलेल्या माणसाला बोलण्यापेक्षा कागद बरा वाटतो.

"सगळ्यांना माहीत आहे" हे बीड जिल्ह्यातलं फार जुनं वाक्य. परळीच्या डॉ. सुदाम मुंडे यांच्या रुग्णालयाचंच घे. तिथे काय चालतं ते आम्हाला कधीचं ठाऊक होतं, असं आज परळीत कुणीही सांगेल. पण २०१० साली तिथे स्टिंग ऑपरेशन करायला माणसं आली ती वर्षा देशपांडे यांच्या लेक लाडकी अभियानाची, थेट साताऱ्याहून. परळी-अंबाजोगाईच्या पत्रकारांना, त्यात तुझा मामाही आला, ते अंतर शरमेचं वाटायला हवं होतं. त्यानंतरही रुग्णालय चालूच राहिलं. मे २०१२ मध्ये गर्भपात करताना तिथे एक महिला दगावली, तेव्हा कुठे देशभरातले कॅमेरे परळीत उतरले. फेब्रुवारी २०१९ मध्ये बीडच्या न्यायालयाने सुदाम मुंडे आणि त्यांची पत्नी सरस्वती मुंडे यांना १० वर्षांची शिक्षा सुनावली. आणि २०२० मध्ये जामिनावर असताना परळीजवळ पुन्हा दवाखाना थाटला म्हणून सुदाम मुंडे यांना परत अटक झाली.

आता दुसरा कागद बघ. २००१ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. २०११ मध्ये ८०७, राज्यात सर्वांत कमी. त्या जनगणनेचे प्राथमिक आकडे ती महिला दगावण्याच्या आदल्या वर्षीच बाहेर आले होते. कुजबुज पारावर होती आणि आकडा जनगणनेच्या पुस्तकात. दोघांची गाठ घालून द्यायचं काम ज्यांचं होतं ते वाढदिवसाच्या पुरवण्या लावत बसले होते.

त्या प्रकरणातली एक गोष्ट अजून सगळ्यांच्या तोंडी आहे, कुत्र्यांची. भ्रूण कुत्र्यांना खाऊ घातले जात होते, असा आरोप जगभर छापून आला. एफ फॉर्म मात्र कुणाला आठवत नाही. गर्भवतीच्या प्रत्येक सोनोग्राफीमागे कायद्याने भरावा लागणारा तो साधा अर्ज. कोणाची तपासणी, कशासाठी, आधीची अपत्यं किती, सगळं त्यात असतं. तिसऱ्या खेपेला आलेल्या, दोन मुली असलेल्या किती बायका एकाच केंद्राच्या रजिस्टरमध्ये आहेत, हे जो मोजतो त्याला कुत्र्यांची गरज पडत नाही. मोजणं कंटाळवाणं असतं, हे मामा नाकारत नाही.

तुझा विषय ऊसतोडीच्या बायकांचा. तिथे मोजणी आणखी अवघड, कारण मोजायला काही ठेवलेलंच नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. आगाऊ पैशांची उचल नवऱ्याच्या नावावर, तीही टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या वहीत. बाई त्या वहीत बहुधा नसतेच. पाळी आली, अंग दुखलं, दिवस बुडाला तर खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. फडात ना आडोसा ना पाणी. मग कुणीतरी सांगतं, गर्भाची पिशवी काढून टाक, कटकट मिटेल. दवाखान्यात कॅन्सरची भीती घातली जाते. आणि पंचविशी-तिशीतली बाई उचलीच्या पैशातून शस्त्रक्रिया करून पुन्हा मोळी उचलायला जाते. हे तर मामा तरुण होता तेव्हाही बोललं जायचं. "तिची पिशवी काढली" हे वाक्य एसटीत सहज कानावर पडायचं. त्याची बातमी होऊ शकते, हे बीडच्या पत्रकारांना सुचलं नाही असं नाही. सुचलं, एखाद-दुसऱ्याने लिहिलंही, पण कोपऱ्यात.

एप्रिल २०१९ मध्ये राधेश्याम जाधव यांची बातमी 'बिझनेसलाइन' या इंग्रजी दैनिकात आली आणि गोष्ट एकदम बदलली. जूनमध्ये विधिमंडळात प्रश्न उठला. तेव्हा आरोग्यमंत्री असलेल्या एकनाथ शिंदे यांनी सांगितलं की, तीन वर्षांत जिल्ह्यातल्या खासगी रुग्णालयांत गर्भाशय काढण्याच्या ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली.

इथे थांब आणि हे दोन आकडे शेजारी ठेव. ४,६०५ आणि १३,८६१. पहिला आकडा रुग्णालयांच्या दारात उभा राहून मोजलेला आहे: तीन वर्षं, खासगी दवाखाने, कुठल्याही घरची बाई. दुसरा बाईच्या दारात जाऊन मोजलेला: आयुष्यात केव्हाही, कुठेही झालेली शस्त्रक्रिया, पण फक्त ऊसतोडीला जाणारी बाई. दोन्ही खरे असू शकतात, कारण प्रश्नच वेगळे आहेत. कुणी "चार हजार" म्हणतं, कुणी "चौदा हजार", आणि मग एकजण दुसऱ्याला खोटं पाडतो. तू तसं करू नकोस. ८२,३०९ मध्ये १३,८६१ म्हणजे शंभरात जवळपास १७. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१५-१६ साली, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या महिलांमध्ये हे प्रमाण शंभरात ३.२ होतं. वयोगट तंतोतंत जुळतीलच असं नाही, म्हणून "पाचपट" असा मथळा देण्याआधी दोनदा विचार कर. पण फरक इतका मोठा आहे की वयोगटाची पळवाट त्याला पुरत नाही. हे असं कंसातल्या अटींसकट लिहिता आलं की डॉक्टरांची संघटना, मंत्री, संपादक, कुणीही आलं तरी बातमी जागची हलत नाही.

हे प्रकरण गाजल्यावर जिल्ह्यात खासगी रुग्णालयांना गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक झालं. मार्च २०२४ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने 'द फुलर प्रोजेक्ट'बरोबर केलेला शोध छापला. या मजुरांनी तोडलेल्या उसाच्या साखरेचा माग त्यांनी कोका-कोला आणि पेप्सीपर्यंत काढत नेला. त्यात उचल, बालविवाह, गर्भाशय सगळं आलं. बाहेरच्यांना जमतं ते आपल्याला का नाही, असं तू विचारलंस. थोडं पैशाचं आहे, थोडं वेळेचं. पण एक कारण मामाला जास्त पटतं. बाहेरून आलेल्याला हे "सगळ्यांना माहीत" नसतं. तो मूर्खासारखे प्रश्न विचारतो: किती? कधी? कागद कुठाय? आपल्याला उत्तर आधीच ठाऊक असतं, म्हणून प्रश्नच विचारायचा राहतो.

कागद शेजारी ठेवण्याची ही रीत काही नवी नाही. ३१ ऑगस्ट १९८१ रोजी अरुण शौरींनी 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्या प्रतिष्ठानाबद्दल लिहिलं, तेव्हा सारांशाने दोनच याद्या होत्या. प्रतिष्ठानाला देणगी कुणी दिली ही एक, आणि टंचाईच्या काळात सरकारी कोट्यातलं सिमेंट कुणाला मिळालं ही दुसरी. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. लेंटिन यांचा निकाल आला आणि अंतुलेंना पद सोडावं लागलं. पी. साईनाथ यांनी २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर याहून सोपं काम केलं: एकमेकांची स्पर्धक असलेली मराठी दैनिकं एकाच टेबलावर पसरली. मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची स्तुती करणारा मजकूर शब्दाला शब्द तोच. 'अशोकपर्व' अशा नावाची पानंच्या पानं. शेजारी ठेवला निवडणूक खर्चाचा तपशील, ज्यात वर्तमानपत्रातल्या जाहिरातींचा खर्च होता ५,३७९ रुपये. चव्हाणांनी आरोप नाकारले, आणि २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निवडणूक आयोगाची कारवाई रद्द केली, हेही लिहायचं असतं. पण 'पेड न्यूज' हा शब्द महाराष्ट्राच्या प्रत्येक तालुक्यात पोचला तो त्या टेबलावरून. ती सगळी दैनिकं रद्दीच्या भावात कुणालाही मिळाली असती.

ही गोष्ट मुद्दाम सांगितली, कारण तुझ्या वार्ताहर मित्रांना पगार नाही, जाहिरातीवर कमिशन आहे. ज्या दवाखान्याची बातमी करायची त्याचीच दिवाळी अंकात पानभर जाहिरात. मालक तुला "छापू नकोस" असं म्हणणार नाही. तो म्हणेल, "दिवाळी होऊ दे." दिवाळीनंतर ज्यांची बातमी आहे ते सगळे कर्नाटकात आणि पश्चिम महाराष्ट्रात फडावर गेलेले असतात. त्याच्याशी भांडू नकोस. बातमी लेखी दे, तारीख घालून दे, एक प्रत स्वतःकडे ठेव.

आणि कागद हातात आला म्हणून हुरळूनही जाऊ नकोस. टिळक-आगरकरांची गोष्ट शाळेत अर्धीच शिकवतात. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे महाराजांचा छळ करतात, असं दाखवणारी पत्रं 'केसरी' आणि 'मराठा'नं छापली. पत्रं बनावट निघाली. दोघांनी माफी मागितली, तरी १८८२ मध्ये शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. हेतू चोख, कागद खोटा. आज तर व्हॉट्सअ‍ॅपवर शिक्क्यासकट पत्र तयार करून मिळतं. ज्याने कागद दिला त्याला तो कुणी दिला, मूळ कुठे आहे, जावक क्रमांक काय, हे विचारायला लाजू नकोस. आणि तुलाच का दिला, हेही.

मामाचा स्वतःचा एक डाग आहे, घरात फारसा सांगितलेला नाही. पंचवीसेक वर्षांपूर्वी रेशनच्या रॉकेलचा काळाबाजार पकडल्याची बातमी आली. तालुक्याहून नाव-आडनाव आलं, मामाने ते चौकटीत लावलं. दुसऱ्या दिवशी त्याच गावातला, त्याच नाव-आडनावाचा एक शेतकरी सायकलवर कार्यालयात आला. ओरडला नाही. पाणी मागितलं, आणि म्हणाला, मला वाचता येत नाही, काय लिहिलंय तेवढं वाचून दाखवा. पंचनाम्यात बापाचं नाव होतं. मामाने पंचनामा मागवलाच नव्हता. खुलासा छापला, चार ओळींचा, आतल्या पानावर, टेंडर नोटिसांच्या खाली. त्या दिवसापासून बापाचं नाव आणि गाव पाहिल्याशिवाय मामाने एकही नाव पुढे सोडलं नाही. तो शेतकरी पुढे बाजारात भेटला की नमस्कार करायचा, हे जास्त लागायचं.

कायद्याचंही तेच. न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि नुसतं खरं असून भागत नाही. खरं आणि लोकहिताचं, असं दोन्ही दाखवावं लागतं. समोरच्याची बाजू विचारल्याचा पुरावा म्हणून प्रश्न लेखी पाठव आणि उत्तराला वेळ दे. उत्तर नाही आलं तर तेही छाप.

मस्साजोगबद्दल तू विचारलं नाहीस, पण ती सावली तुझ्या कामावर आहे. ६ डिसेंबर २०२४ ला पवनचक्की कंपनीच्या जागेवर मारहाण झाली, सरपंच संतोष देशमुख तिथे गेले. ९ तारखेला त्यांचं अपहरण होऊन खून झाला. कंपनीकडे मागितलेल्या २ कोटींच्या खंडणीशी तपास यंत्रणेने हे जोडलं. त्यातला आरोपी, मंत्री धनंजय मुंडे यांचा निकटवर्तीय वाल्मिक कराड ३१ डिसेंबरला पुण्यात सीआयडीला शरण गेला. दोषारोपपत्रातले फोटो मार्च २०२५ च्या सुरुवातीला लोकांसमोर आले आणि ४ मार्चला धनंजय मुंडे यांचा मंत्रिपदाचा राजीनामा झाला. न्यायालयाचा निकाल येईपर्यंत 'आरोपी' हा शब्द सोडू नकोस, चौकातले लोक काहीही म्हणोत. त्या तीन महिन्यांत बीडचं वातावरण काय झालं ते तू पाहिलंस. बातमीच्या आधी बातमीदाराचं आडनाव वाचलं जायचं. पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी पोलिसांच्या नावपट्ट्यांवरून आडनावंच काढायला लावली. पत्रकाराला तशी सोय नाही. तुझ्या आडनावावरून अर्धा जिल्हा तुला आपली म्हणेल आणि अर्धा परकी. दोघांनाही सारखीच तारीख, सारखाच आकडा दे.

तुझ्या आईला काळजी वाटते ती उगाच नाही. ६ फेब्रुवारी २०२३ ला राजापूरचे शशिकांत वारिशे यांची बातमी 'महानगरी टाइम्स'मध्ये सकाळी आली, त्याच दिवशी त्यांच्या दुचाकीवर गाडी घातली गेली आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. बातमी ज्याच्याबद्दल होती त्यालाच पोलिसांनी अटक केली. मुंबईत पत्रकार जे. डे यांना ११ जून २०११ ला गोळ्या घातल्या गेल्या. त्या खुनासाठी छोटा राजनला जन्मठेप व्हायला २०१८ उजाडलं. पत्रकारांवरचा हल्ला अजामीनपात्र ठरवणारा कायदा राज्यात २०१७ मध्ये मंजूर झाला, आणि त्यासाठी वर्षानुवर्षं झगडलेले एस. एम. देशमुख आपल्याच वडवणी तालुक्यातल्या देवडीचे. कायदा हल्ल्यानंतर कामी येतो. त्याआधी कामी येते ती सोबत. संवेदनशील बातमी एकट्या तुझ्याकडे ठेवू नकोस. संभाजीनगर किंवा पुण्याच्या एखाद्या विश्वासू पत्रकाराला आधीच सामील कर, एकाच सकाळी दोन ठिकाणी छापून येऊ दे. "पहिली बातमी माझी" हा हट्ट तरुणपणी सगळ्यांना असतो. मामालाही होता.

पण तुझ्याहून मोठा धोका त्या बाईला आहे, हे लक्षात ठेव. तू बीडला परत येतेस, ती त्याच मुकादमाच्या टोळीत जाते. नाव बदललं म्हणजे झालं, असं नसतं. दीडशे उंबऱ्यांच्या वस्तीत "तीन मुलींची आई, दीर टोळी चालवतो" एवढं लिहिलं की नाव लिहिल्यासारखंच. बातमी आल्यावर काय होऊ शकतं ते तिला आधी समजावून सांग. ती नको म्हणाली तर तिथेच थांब, मग तिचं डिस्चार्ज कार्ड कितीही भारी असो. आणि अठरा वर्षांखालच्या मुलीवरच्या अत्याचाराचं प्रकरण निघालं तर तिची ओळख उघड होईल असं काहीही छापणं हा पॉक्सोखाली गुन्हा आहे.

आता तुझ्या दवाखान्याचं. माहिती अधिकाराचा अर्ज आजच टाक. महाराष्ट्रात तो दीडशे शब्दांत आणि एकाच विषयाचा लागतो, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. "का" विचारू नकोस, "का"चं उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नाही. प्रती माग. शल्यचिकित्सकांनी गर्भाशय शस्त्रक्रियेला दिलेल्या परवानग्या: दवाखानानिहाय, महिनानिहाय, वयोगटानुसार संख्या. रुग्णांची नावं मागू नकोस. ती मिळणार नाहीत, आणि मिळूही नयेत. वैयक्तिक माहितीच्या २०२३ च्या कायद्याने माहिती अधिकारातलं कलम ८(१)(ञ) आणखी आवळलं आहे, नावाचा उल्लेख दिसला की सबंध अर्ज फेटाळायचं निमित्त मिळतं. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील कर. दुसऱ्या अपिलाला आयोगाच्या खंडपीठात किती वेळ जाईल याचा नेम नाही, म्हणून त्यावर विसंबू नकोस.

तोवर वस्तीवर बस. टोळ्या निघायला पंधरा-वीस दिवस आहेत. ज्या बायका बोलायला तयार आहेत त्यांच्या डिस्चार्ज कार्डाचे फोटो घे, तारखा आणि वयं वहीत उतर. दवाखान्याची संख्या हाती आली की दोन्ही शेजारी मांडता येतील. परवानगीच्या यादीत एखाद्या महिन्याला चारचा आकडा असेल आणि तुझ्या वहीत त्याच दवाखान्याची, त्याच महिन्यातली सात कार्डं निघाली, तर तुझी बातमी तयार आहे. न निघाली तर बातमी नाही, आणि तसं संपादकांना मोकळेपणाने सांग. मग दवाखान्याबद्दल लोक बोलतात ते चूक असू शकतं, ही शक्यताही वहीत लिहून ठेव.

मामी विचारते आहे, जेवतेस ना वेळेवर. धारूरच्या घाटात सीताफळं आली असतील. येताना दोन डझन आण, पण पिकलेली नकोत, रस्त्यात फुटतात.

तुझा
मामा

ता. क. वहीच्या पानांना आजच आकडे घाल आणि मध्ये एकही पान फाडू नकोस. आणि डिस्चार्ज कार्डांचे फोटो कार्यालयाच्या ग्रुपवर चुकूनही टाकू नकोस. मामाच्या ओळखीच्या एका मुलाने टाकले होते, संध्याकाळपर्यंत ते डॉक्टरांकडे होते.